आजार १९६०चा, औषध १९६१चं

औषध नव्हतं म्हणून माणसं गेली, असे प्रसंग वैद्यकाच्या इतिहासात पानोपानी आहेत. औषध आहे, दुकानात मिळतंय, स्वस्तही आहे आणि तरी ज्या आजाराला ते लागू पडतं त्याच्यापर्यंत पोचतच नाही, असे प्रसंग त्यामानानं थोडे. पण तेच जास्त टोचतात. सेरोटोनिन सिंड्रोम या जीवघेण्या औषधबाधेचं नेमकं वर्णन १९६० साली छापून आलं. सायप्रोहेप्टाडिन नावाची, ॲलर्जीवर द्यायची साधी गोळी १९६१ साली अमेरिकेत आली. या बाधेवर ही गोळी चालते, हे डॉक्टरांच्या हातात पडायला मात्र १९९०चं दशक उजाडलं. मधली तीस वर्षं कुठे गेली, हे पाहायचं तर सुरुवात आतड्यापासून करावी लागते.

१९३०च्या दशकात इटलीत पाव्हिया इथं व्हित्तोरिओ एर्स्पामेर आतड्याच्या अस्तरातल्या विशिष्ट पेशींचे अर्क तपासत होते. त्या अर्कानं स्नायू आकसत. त्यातल्या पदार्थाला त्यांनी एंटेरामिन हे नाव दिलं आणि पुढे तोच पदार्थ ऑक्टोपसच्या लाळग्रंथींतही शोधून काढला. तिकडे अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये अर्व्हिन पेज रक्तदाबाच्या मुळाशी जाऊ पाहत होते. रक्त गोठलं की वर राहणाऱ्या निवळीत रक्तवाहिन्या आवळणारं काहीतरी उतरायचं आणि त्यांचे प्रयोग बिघडवायचं. हे काहीतरी म्हणजे काय, ते शोधायला त्यांनी मॉरिस रॅपोर्ट आणि आर्डा ग्रीन यांना कामाला लावलं. १९४८ साली या तिघांनी गुरांच्या रक्तातून तो पदार्थ शुद्ध स्वरूपात वेगळा केला आणि त्याचं नाव सेरोटोनिन ठेवलं. इटलीतलं एंटेरामिन आणि अमेरिकेतलं सेरोटोनिन एकच, हे १९५२ साली सिद्ध झालं. पुढच्याच वर्षी बेटी ट्वॅरॉग या तरुण शास्त्रज्ञ स्त्रीनं, जिनं आधी शिंपल्यांच्या स्नायूंवर काम केलं होतं, पेज यांच्याबरोबर हाच पदार्थ सस्तन प्राण्यांच्या मेंदूतही असल्याचं दाखवून दिलं. तोवर सेरोटोनिन म्हणजे पोटाचा आणि रक्ताचा मामला होता. आता तो मनाचाही झाला.

दुसरा धागा पॅरिसचा. हिस्टामिन शरीरात सुटलं की अंगावर पित्त उठतं, नाक गळतं, दम लागतो. पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये दानिएल बोव्हे आणि आन-मारी स्टॉब यांनी १९३७ साली हिस्टामिनला रोखणारे पहिले रेणू दाखवले. ते माणसाला देण्याइतके निर्धोक नव्हते. वापरता येण्याजोगं पहिलं औषध, अँटरगन, १९४२ साली आलं आणि दुसऱ्या महायुद्धानंतर अँटिहिस्टामिन औषधांची रांगच लागली. बोव्हे यांना १९५७ साली नोबेल पारितोषिक मिळालं.

या औषधांचा एक गुण पुढच्या सगळ्या कथेच्या मुळाशी आहे. ती एकाच जागी कधी थांबली नाहीत. हिस्टामिनची वाट अडवायला बनवलेला रेणू मेंदूतल्या इतरही जागा धरून बसायचा. म्हणून तर सर्दीची गोळी घेतली की डोळे मिटायला लागतात. फ्रेंच शल्यचिकित्सक आंरी लाबोरी यांनी प्रोमेथाझिन या अँटिहिस्टामिनचा हा शांतवणारा गुण हेरला. त्याच जातीचा आणखी प्रभावी रेणू हवा, या शोधातून क्लोरप्रोमाझिन निघालं, आणि १९५२ साली पॅरिसमध्ये झाँ दले आणि पिएर दनिकर यांनी ते मनोरुग्णांना देऊन मानसोपचाराचा चेहरा बदलून टाकला. म्हणजे मनोविकारांवरच्या आधुनिक औषधांचा उगम बऱ्याच अंशी शिंका थांबवणाऱ्या औषधांत आहे. हे नातं ध्यानात ठेवायला हवं, कारण पुढे विष आणि उतारा दोन्ही याच कुळातून निघाले.

सायप्रोहेप्टाडिन याच कुळातलं. अमेरिकेतल्या मर्क कंपनीच्या प्रयोगशाळेत ते तयार झालं. स्टोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली छापलेल्या निबंधाच्या मथळ्यातच त्याचे दोन गुण शेजारीशेजारी मांडले होते: सेरोटोनिनविरोधी आणि हिस्टामिनविरोधी. म्हणजे हे औषध सेरोटोनिनला अडवतं हे पुढे कधीतरी योगायोगानं कळलं, असं अजिबात नाही. जन्मापासूनच ती त्याची जाहीर ओळख होती. पेशीच्या पृष्ठभागावर सेरोटोनिनला बसण्यासाठी ठरावीक जागा असतात. तो तिथे बसला की पेशी कामाला लागते. सायप्रोहेप्टाडिन आधीच जाऊन ती जागा धरतं, पण पेशीला काहीच सांगत नाही. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा अडवावी, तसं: सीट रिकामी दिसते, पण कुणाला बसता येत नाही.

याच कंपनीनं त्याच सुमारास ॲमिट्रिप्टिलिन हे नैराश्यावरचं औषध बाजारात आणलं. दोघांच्या रचना कागदावर शेजारी मांडल्या तर तीन कड्यांचा सांगाडा जवळजवळ सारखाच दिसतो. एक सेरोटोनिनचा जोर वाढवतं आणि दुसरं तो तोडतं. रसायनशास्त्रातल्या इतक्या थोड्या फरकानं इतका उलटा परिणाम व्हावा, याचं मला आजही नवल वाटतं.

पण सायप्रोहेप्टाडिनचं नशीब वेगळ्याच दिशेला गेलं. १९६२ साली अमेरिकेत दम्याच्या मुलांना ते दिलं जात असताना मुलांची भूक वाढते, वजन वाढतं, असं डॉक्टरांच्या लक्षात आलं. तिथून त्याची ख्याती बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात पसरली. आपल्याकडे तर ती फारच रुजली. ‘मूल काही खातच नाही हो डॉक्टर,’ या तक्रारीवर भुकेचं म्हणून जे सिरप लिहून दिलं जाई आणि अजूनही दिलं जातं, ते बहुतेक वेळा हेच. महाराष्ट्रातल्या किती घरांच्या फडताळांत ही बाटली असेल! ती आणणाऱ्या आईबापांना सेरोटोनिन हा शब्दही ठाऊक नसतो, आणि त्यांना तो ठाऊक असायचं कारणही नाही. अडचण अशी झाली, की डॉक्टरांच्या मनातही या औषधावर ‘ॲलर्जी’ आणि ‘भूक’ अशा दोनच चिठ्ठ्या चिकटल्या. तिसरी चिठ्ठी निबंधाच्या मथळ्यातच राहिली.

आता आजाराकडे वळू. त्याची सुरुवात क्षयाच्या रुग्णालयात आहे. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या सी व्ह्यू रुग्णालयात १९५२च्या सुमारास एडवर्ड रॉबिट्झेक आणि अर्व्हिंग सेलिकॉफ हे डॉक्टर आयसोनियाझिड आणि इप्रोनियाझिड ही दोन नवी औषधं क्षयरोग्यांना देऊन पाहत होते. इप्रोनियाझिड घेणाऱ्यांत विलक्षण तरतरी आली. ज्यांनी जगण्याची आशा सोडली होती ती माणसं वॉर्डात नाचू-हसू लागली, आणि त्यांची छायाचित्रं वर्तमानपत्रांत झळकली. त्याच वर्षी ॲल्बर्ट झेलर यांनी कारण शोधलं. शरीरातली सेरोटोनिनसारखी द्रव्यं मोडून टाकणारं मोनोअमाइन ऑक्सिडेझ नावाचं विकर हे औषध बंद पाडतं. द्रव्यं मोडली जात नाहीत, साठत जातात. १९५७ साली नेथन क्लाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इप्रोनियाझिड नैराश्यावर वापरलं आणि नैराश्यावरच्या गोळ्यांचं युग सुरू झालं.

नाचणाऱ्या रुग्णांच्या छायाचित्रांइतकी प्रसिद्धी दुसऱ्या एका नोंदीला मिळाली नाही. १९५५ साली, म्हणजे क्लाइन यांच्याही आधी, इप्रोनियाझिड घेणारा एक क्षयरोगी मेंदूवरच्या विषारी परिणामांनी दगावल्याची हकिगत अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात आली. त्याला वेदनेसाठी पेथिडिन दिलं होतं. पेथिडिन हे तेव्हा आणि पुढेही कितीतरी वर्षं रुग्णालयातलं रोजच्या वापरातलं इंजेक्शन. त्यात सेरोटोनिन वाढवण्याचा गुण आहे हे कुणाच्या गावीही नव्हतं. एका औषधानं मोडण्याची वाट बंद केली, दुसऱ्यानं भर घातली. त्या हकिगतीत सेरोटोनिनवर बोट ठेवलेलं नव्हतं, पण आज मागे वळून पाहताना या बाधेची पहिली नोंद म्हणून तिचाच उल्लेख होतो.

सेरोटोनिनवर नेमकं बोट ठेवलं ते १९६० साली. अमेरिकेत बेथेस्डा इथल्या नॅशनल हार्ट इन्स्टिट्यूटमध्ये जॉन ओट्स आणि ॲल्बर्ट श्योर्ड्स्मा काम करत होते. हे विकर बंद पाडणारं औषध सुरू असलेल्या रुग्णांना त्यांनी ट्रिप्टोफॅन दिलं. ट्रिप्टोफॅन हा दुधाअंड्यांतही असणारा प्रथिनांचा घटक, आणि शरीर त्यापासूनच सेरोटोनिन बनवतं. रुग्ण दारू प्यायल्यासारखे झाले. अस्वस्थता आली, घाम फुटला, गुडघ्यावर हातोडी मारली तर पाय नेहमीपेक्षा जोरात उडू लागला. पाऊल झटकन वर दाबून धरलं तर घोट्यात लयीत झटके सुरू होत आणि थांबत नसत. वैद्यकात याला क्लोनस म्हणतात. कारण, रसायन आणि खूण हे तिन्ही दुवे एकाच निबंधात जुळले होते. श्योर्ड्स्मा यांचा सेरोटोनिनचा अभ्यास तर जुना होता. सेरोटोनिन ओतणाऱ्या आतड्यातल्या गाठी लघवीच्या तपासणीतून ओळखण्याच्या कामात त्यांचा मोठा वाटा होता, आणि अशा गाठींच्या रुग्णांना पुढे सायप्रोहेप्टाडिनही दिलं जाऊ लागलं. इतकं सगळं इतक्या जवळ होतं.

मग गाठ का पडली नाही?

एक कारण म्हणजे ती औषधंच मागे पडली. इप्रोनियाझिडनं यकृताला इजा होते असं दिसलं आणि अमेरिकेत ते मागे घेतलं गेलं. त्या जातीची दुसरी औषधं घेणाऱ्यांनी जुनं, मुरलेलं चीज खाल्लं की रक्तदाब एकदम भडकतो, हे लंडनमध्ये बॅरी ब्लॅकवेल यांनी १९६३ साली दाखवलं, आणि डॉक्टरांची सगळी धास्ती चीजभोवती गोळा झाली. सेरोटोनिनची बाधा त्या गदारोळात झाकली गेली. ती अमेरिका-युरोपातल्या प्रयोगशाळांत मात्र जिवंत राहिली, उंदरांच्या रूपात. १९७१ साली इंग्लंडमध्ये डेव्हिड ग्रॅहम-स्मिथ यांनी उंदरांना ट्रिप्टोफॅन आणि विकर बंद पाडणारं औषध एकत्र दिलं. उंदीर थरथरू लागले, भयंकर धावपळ करू लागले आणि त्यांचं अंग तापलं. ‘सेरोटोनिन सिंड्रोम’ हा शब्दप्रयोग औषधशास्त्रज्ञांत रूढ झाला तो उंदरांसाठी. कोणत्या औषधानं हा प्रकार थांबतो, याचे प्रयोगही झाले. पण औषधशास्त्राची नियतकालिकं मानसोपचारतज्ज्ञ वाचत नव्हते, मानसोपचाराची नियतकालिकं आपत्कालीन विभागातले डॉक्टर वाचत नव्हते, आणि सायप्रोहेप्टाडिन लिहून देणारे बालरोगतज्ज्ञ यांतलं काहीच वाचत नव्हते. माझ्या मते तीस वर्षांच्या विलंबाचं खरं कारण हेच आहे. कुणी एक माणूस चुकला नाही. माहिती होती, पण ती एका टेबलावर कधी आली नाही. १९८२ साली थॉमस इन्सेल आणि सहकाऱ्यांनी दोन औषधांच्या मिश्रणानं आजारी पडलेल्या रुग्णांची हकिगत छापली, तेव्हा मथळ्यात माणसातल्या सेरोटोनिन सिंड्रोमचा उल्लेख ‘शक्यता’ म्हणून केला होता. ओट्स आणि श्योर्ड्स्मा यांच्या निबंधाला तेव्हा बावीस वर्षं झाली होती.

त्यानंतर दोनच वर्षांनी, ४ मार्च १९८४च्या रात्री, लिबी झायन ही अठरा वर्षांची कॉलेजकन्या मॅनहॅटनमधल्या एका नामांकित रुग्णालयात दाखल झाली. अंगात ताप होता, ती बेचैन होती आणि तिच्या शरीराला विचित्र झटके येत होते. ती नैराश्यासाठी फेनेलझिन घेत होती. फेनेलझिन हे इप्रोनियाझिडच्याच जातीचं. तिची थरथर थांबावी म्हणून तिला पेथिडिन दिलं गेलं. रात्री तिची तगमग वाढत गेली, तेव्हा तिला पलंगाला बांधण्यात आलं. पहाटे ताप १०७ अंश फॅरनहाइटवर गेला. ५ मार्चच्या सकाळी ती गेली.

तिचे वडील सिडनी झायन हे पत्रकार होते आणि वकिलीही शिकलेले. त्यांनी हे प्रकरण सोडलं नाही. ग्रँड ज्यूरीनं डॉक्टरांवर फौजदारी आरोप ठेवले नाहीत, पण निवासी डॉक्टरांना दिवसरात्र राबवणाऱ्या आणि वरिष्ठांच्या देखरेखीविना सोडणाऱ्या पद्धतीवर कडक ताशेरे ओढले. बर्ट्रंड बेल यांच्या समितीच्या शिफारशींवरून १९८९ साली न्यूयॉर्क राज्यात निवासी डॉक्टरांचं काम आठवड्याला ८० तासांवर आणि सलग २४ तासांवर आणणारे नियम लागू झाले. ते लिबीच्या नावानंच ओळखले जातात. मृत्यूच्या नेमक्या कारणावर न्यायालयात बराच वाद झाला, न्युमोनियापासून अमली पदार्थापर्यंत सगळं बोललं गेलं. मात्र फेनेलझिनवर दिलेलं पेथिडिन, झटके आणि शेवटी भडकलेला ताप ही साखळी सेरोटोनिन सिंड्रोमची आहे, असं पुढच्या काळातल्या अनेक तज्ज्ञांचं मत झालं. १९५५च्या हकिगतीतलीच जोडी. त्या रात्री त्या शहरातल्या औषधांच्या दुकानांत सायप्रोहेप्टाडिन होतं. त्यानं ती वाचली असती असं म्हणणं बेजबाबदारपणाचं ठरेल, कारण इतक्या पुढे गेलेल्या बाधेत गोळीचा उपयोग मर्यादित असतो. पण पेथिडिन टाळलं गेलं असतं, तर? हा प्रश्न तिच्या वडिलांनी आयुष्यभर विचारला.

तिच्या नावानं नियम झाले ते झोपेचे आणि कामाच्या तासांचे. तेही हवेच होते. औषधांच्या जोडीकडे मात्र समाजाचं लक्ष तितकंसं गेलं नाही, आणि नेमक्या त्याच वर्षांत या जोडीचा धोका अनेक पटींनी वाढणार होता.

तो वाढवणारं औषधही अँटिहिस्टामिनच्याच कुळातलं. स्वीडनमध्ये आर्व्हिद कार्लसन यांना १९६०च्या दशकाच्या अखेरीस दिसलं, की काही अँटिहिस्टामिनं चेतापेशींकडून सेरोटोनिन परत शोषलं जाण्याची क्रिया रोखतात. ब्रॉम्फेनिरामिन या सर्दीवरच्या औषधात फेरफार करून त्यांनी आणि सहकाऱ्यांनी झिमेलिडिन तयार केलं. ते १९८२ साली बाजारात आलं आणि चेतासंस्थेच्या गंभीर दुष्परिणामामुळे पुढच्याच वर्षी मागे घ्यावं लागलं. अमेरिकेत एली लिली कंपनीत ब्रायन मोलॉय यांनी डायफेनहायड्रामिन या अँटिहिस्टामिनचा सांगाडा हाती घेऊन काम सुरू केलं, आणि डेव्हिड वाँग, रे फुलर यांच्या साथीनं त्यातून फ्लुओक्सेटिन निघालं. १९८७च्या डिसेंबरात त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. प्रोझॅक या नावानं ते काही वर्षांत घराघरांत पोचलं. सुटं घेतलं तर ते जुन्या औषधांपेक्षा कितीतरी सुरक्षित होतं, आणि त्यानं असंख्य माणसांना सावरलं, हे इथे स्पष्ट म्हटलं पाहिजे. पण जुन्या विकर-रोधक औषधाच्या जोडीला ते आलं, किंवा ते बंद करून लगेच जुनं सुरू केलं, की रुग्ण तापानं फणफणू लागले, काही दगावले. फ्लुओक्सेटिन शरीरात आठवडेच्या आठवडे रेंगाळतं. म्हणून ते थांबवल्यावर विकर-रोधक औषध देण्याआधी पाच आठवडे थांबा, हा नियम पुढे घालावा लागला.

१९९१ साली कॅलिफोर्नियातल्या हार्वी स्टर्नबाख यांनी विखुरलेल्या हकिगतींतून ३८ रुग्ण गोळा केले, त्यांची लक्षणं तपासली आणि दहा खुणांची यादी केली. सेरोटोनिन वाढवणाऱ्या औषधानंतर त्यांतल्या तीन आढळल्या तर हा सिंड्रोम समजावा. यादीत दोष होते, त्यावर पुढे टीकाही झाली, पण या बाधेला माणसांच्या वैद्यकात हक्काचं घर मिळालं ते या निबंधानं.

आता उताऱ्याची वेळ आली, आणि तो ज्या वाटेनं आला ती वाट मोठी विलक्षण आहे. नैराश्यावरची औषधं घेणाऱ्यांत कामसुखाच्या तक्रारी सर्रास असतात. त्यांवर उपाय म्हणून काही मानसोपचारतज्ज्ञ १९८०च्या दशकाच्या मध्यापासून सायप्रोहेप्टाडिन देऊन पाहत होते, कारण या तक्रारी सेरोटोनिनच्या अतिरेकातून येतात असा त्यांचा तर्क होता. म्हणजे बालरोगतज्ज्ञांच्या कपाटातली बाटली मानसोपचारतज्ज्ञांच्या टेबलावर आली ती ही साधी, खासगी अडचण सोडवायला. तिथून सिंड्रोमपर्यंतचं अंतर एका पावलाचं होतं. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला एकेका रुग्णाच्या हकिगती छापून येऊ लागल्या. १९९४ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये सायप्रोहेप्टाडिननं उतरलेल्या सेरोटोनिन सिंड्रोमवरचं पत्र आलं आणि ही गोष्ट जगभरच्या डॉक्टरांच्या नजरेत भरली. १९९८ साली आपत्कालीन वैद्यकाच्या नियतकालिकात काही रुग्णांची एकत्र हकिगत आली. सौम्य ते मध्यम बाधा झालेल्या या रुग्णांपैकी बहुतेकांची लक्षणं गोळीनंतर काही तासांतच ओसरली होती.

गोळी मेंदूत खरंच पोचते का, याचंही उत्तर मधल्या काळात मिळालं. दिल्लीच्या एम्समधून शिकून कॅनडात गेलेले शितिज कपूर आणि त्यांच्या टोरांटोतल्या सहकाऱ्यांनी १९९७ साली निरोगी माणसांना सायप्रोहेप्टाडिन देऊन पेट स्कॅननं त्यांचा मेंदू तपासला. दिवसातून तीनदा ४ मिलिग्रॅम, ही ॲलर्जीसाठीची नेहमीची मात्रा. तेवढ्यानं मेंदूच्या पुढच्या भागातल्या सेरोटोनिनच्या एका प्रमुख प्रकारच्या जागा ८५ टक्के अडल्या होत्या. ६ मिलिग्रॅम तीनदा दिल्यावर ९५ टक्के. मला या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत समाधानाचा क्षण वाटतो. १९६१च्या निबंधात प्राण्यांवर दाखवलेला गुण छत्तीस वर्षांनी माणसाच्या मेंदूत डोळ्यांना दिसला. जपानमध्ये कोइची निसिजिमा आणि सहकाऱ्यांनी २००१ साली उंदरांवर दाखवलं, की जीव घेणारा ताप ज्या जागांमुळे चढतो त्या ‘टू-ए’ प्रकारच्या, आणि त्या अडवणारी औषधं पुरेशा मात्रेत दिली तर तो ताप चढतच नाही.

तरी आजार ओळखू आला नाही तर उतारा काय कामाचा? १९९९ साली ब्रिटनमध्ये झालेल्या पाहणीत ८५ टक्क्यांहून अधिक डॉक्टरांना सेरोटोनिन सिंड्रोम हे निदान माहीतच नव्हतं. इथे ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसल शहरानं मोलाचं काम केलं. तिथल्या हंटर परिसरातल्या विषबाधा विभागानं १९८७पासून औषधांच्या अतिमात्रेच्या प्रत्येक रुग्णाची नोंद नेमानं ठेवली होती. त्यांतल्या सेरोटोनिन वाढवणाऱ्या औषधांच्या २,२२२ रुग्णांचा अभ्यास करून डंकली, इस्बिस्टर, व्हाइट आणि सहकाऱ्यांनी २००३ साली नवे निकष मांडले. त्यांत स्टर्नबाख यांच्या यादीतली मोघम लक्षणं गळली आणि केंद्रस्थानी आला क्लोनस, म्हणजे १९६० साली ओट्स आणि श्योर्ड्स्मा यांनी पाहिलेले तेच घोट्यातले झटके. डोळ्यांच्या बुबुळांतही ते दिसतात. महागड्या यंत्राची गरज नाही. तालुक्याच्या रुग्णालयातला डॉक्टरही रुग्णाचं पाऊल हातात धरून हे निदान करू शकतो.

२००५ साली एडवर्ड बोयर आणि मायकेल शॅनन यांनी लिहिलेल्या आढाव्यानं उपचाराची घडी बसवली. संशयित औषधं ताबडतोब थांबवायची, डायझेपामच्या जातीचं शामक द्यायचं, ताप उतरवायचा. मग सायप्रोहेप्टाडिन: आधी १२ मिलिग्रॅम, लक्षणं राहिली तर दर दोन तासांनी २ मिलिग्रॅम, पुढे दर सहा तासांनी ८. ताप १०६ अंशांपलीकडे गेला तर रुग्णाचे स्नायू औषधानं शिथिल करून त्याला व्हेंटिलेटरवर घ्यायचं; तापावरच्या नेहमीच्या गोळ्या तिथे चालत नाहीत, कारण तो ताप स्नायूंच्या अविरत हालचालीचा असतो.

इथे एक इशारा दिलाच पाहिजे. अँटिहिस्टामिननं हा आजार बरा होतो, असं ऐकून कुणी सर्दीची कुठलीही गोळी देऊ नये. क्लोरफेनिरामिनसारखी अँटिहिस्टामिनं सेरोटोनिनचं पुनर्शोषण रोखतात, म्हणजे आगीत तेल ओततात. कुळ तेच, स्वभाव उलटा. ऑस्ट्रेलियातल्या केन गिलमन यांनी गंभीर रुग्णांसाठी क्लोरप्रोमाझिनचा पुरस्कार केला, कारण ते टोचून देता येतं. पण त्यानं रक्तदाब कोसळू शकतो, म्हणून ते जपून वापरावं लागतं.

महाराष्ट्राला हा इतिहास दूरचा नाही. मुंबईत औषधांना न जुमानणारा क्षय किती पसरला आहे, हे झरीर उदवाडिया यांनी २०११-१२च्या सुमारास जगापुढे मांडलं. अशा क्षयावरचा एक मुख्य आधार म्हणजे लिनेझोलिड. २०००मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं हे प्रतिजैविक मोनोअमाइन ऑक्सिडेझला थोड्या प्रमाणात बंद पाडतं. सेरोटोनिन वाढवणाऱ्या औषधांबरोबर ते दिल्यास सिंड्रोम होऊ शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०११ साली दिला. इप्रोनियाझिडही क्षयाचंच औषध होतं. महिनोन्‌महिने चालणाऱ्या या उपचारात रुग्णांना नैराश्य येतं, आणि त्यावर लिहून दिली जाते ती बहुधा फ्लुओक्सेटिनच्या जातीची गोळी. जोडीला दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल, खोकल्यासाठी डेक्स्ट्रोमेथॉर्फन. तिन्ही सेरोटोनिन वाढवणारी. लिनेझोलिडवरच्या बहुसंख्य रुग्णांना काही होत नाही, म्हणून ते नाकारणं चूक ठरेल. पण क्षयाचा डॉक्टर आणि मनाचा डॉक्टर यांच्या चिठ्ठ्या एकाच फाइलमध्ये लागल्या पाहिजेत.

सायप्रोहेप्टाडिन मात्र अजूनही १९६१च्या रूपातच आहे. ते टोचता येत नाही. बेशुद्ध रुग्णाला गोळ्या कुटून किंवा सिरप नाकातल्या नळीतून द्यावं लागतं. आपल्याकडच्या नेहमीच्या सिरपमध्ये ५ मिलिलिटरला २ मिलिग्रॅम असतात, म्हणजे पहिल्या मात्रेलाच ३० मिलिलिटर लागतात. विषबाधेसाठी पोटात आधी कोळशाची पूड दिली असेल तर तीही वाया जाते. शिवाय या गोळीचा पुरावा अजून एकेका रुग्णाच्या आणि छोट्या गटांच्या हकिगतींवरच उभा आहे. नाणेफेकीनं रुग्णांची वाटणी करून केलेली मोठी चाचणी झालेली नाही. रुग्ण विखुरलेले, औषध थांबवल्यावर बरेचसे चोवीस तासांत आपोआप सुधारणारे, आणि पेटंट कधीच संपलेल्या स्वस्त गोळीवर पैसा घालायला कुणी कंपनी पुढे येत नाही. हे काम सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थांनीच अंगावर घ्यायला हवं. न्यूकॅसलच्या डॉक्टरांनी एका शहरात पंधरा वर्षं नोंदी ठेवून निदानाचा प्रश्न सोडवला. मुंबई-पुण्यातल्या मोठ्या सरकारी रुग्णालयांत त्यासाठी लागणारे रुग्णही आहेत आणि डॉक्टरही.